पावणेदोनशे व्होल्टची संध्याकाळ

चार वॅट म्हटल्यावर आमची ही आधी हसली, मग तिने मान वर करून स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे बघितलं. तो नऊ वॅटचा होता.

“म्हंजे ह्या दिव्याच्या निम्मापन नाय,” ती म्हणाली, “आनि त्याच्यापायी तुमी आख्खी पडवी अडवनार.”

हिशेब बरोबर होता. मला गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा होता, आणि तोही व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या, तापून आत तांबूस होणाऱ्या काचेच्या नळ्या. आमच्या शहापूर-मुरबाडकडे आवाजाचं माप निराळं आहे. हळदीला टेम्पोभर स्पीकरचे बॉक्स लावले नाहीत तर पाहुणे रुसतात, आणि शेजारच्या गावाला झोप लागली तर पोराचं लग्न झाल्यासारखं वाटत नाही. मुरबाडच्या एका साउंडवाल्याकडे मी जुना आठ इंची स्पीकर मागायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, “किती वॅटला लावायचा, चारशे?” मी म्हणालो, “चार.” त्याने स्पीकर दिला, पण मी निघेपर्यंत तो माझ्याकडे जरा काळजीनेच बघत होता.

माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, त्यातली बरीचशी कसाऱ्याला. सोल्डरिंग आयर्न हातात आलं की माझं डोकं शांत होतं. एरवी ते फारसं शांत नसतं. ही म्हणते की घरात दोन कुकर आहेत, एकाची शिट्टी तरी मोजता येते. तरुणपणी मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो, अ‍ॅम्प्लिफायरशिवाय जिचा आवाज हातभरही जात नाही ती. ऑर्केस्ट्रा कधीच मोडला, गिटार राहिली, आणि तिच्याबरोबर साठ वॅटचा एक ट्रान्झिस्टरवाला खोकाही राहिला. म्हणजे वाजवायला माझ्याकडे सगळं होतं. नवा अ‍ॅम्प्लिफायर मला माझ्यासाठी नकोच होता. तो हिच्यासाठी हवा होता, आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच नाही.

ही गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाची म्होरकी. प्रत्येक अभंगाची पहिली ओळ हिने उचलायची आणि बाकीच्यांनी झील धरायची, अशी पद्धत. आवाज चढा आणि स्वच्छ. देवळात ही सुरू झाली की विहिरीवरच्या बायका हातातली कळशी खाली ठेवून ऐकायच्या, असं त्याच बायका मला सांगायच्या. घरातही तिचं तोंड बंद नसायचं. तांदूळ निवडताना, भेंडी चिरताना, कपडे वाळत घालताना ती गुणगुणत असायची, आणि मला त्याची इतकी सवय झाली होती की ते वेगळं ऐकूही येत नसे.

मागच्या वर्षी तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, आम्ही दोघांनी देवाला हात जोडले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस तिथूनच जाते, थोडा फरक पडू शकतो. तो पडला. बोलताना कोणाच्या लक्षातही येत नाही. पण गाण्यातलं वरचं सगळं गेलं. उरला तो खालचा, जाडसर, थोडा खरखरीत आवाज. बरी झाल्यावर ती पहिल्यांदा देवळात गेली, नेहमीच्या पट्टीत ओळ उचलली, आणि ओळ मध्येच तुटली. पेटी चालूच होती. शेजारच्या बाईने ओळ पुढे नेली, तिने नेली हे बरंच केलं. ही शेवटपर्यंत टाळ वाजवत बसली आणि घरी आल्यावर टाळ फडताळात ठेवून म्हणाली, “माझा झाला गाऊन.”

त्यानंतर ती रडली वगैरे नाही. जेवत होती, हसत होती, माझी टिंगल करत होती. देवळातही जायची, फक्त मागे खांबाला टेकून बसायची. पण घरात एक सूर म्हणून उमटत नव्हता. मला फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली, समोरच्यांच्या गोठ्यातल्या साखळीचा आवाज यायला लागला. मला फार वाईट वाटायचं. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणायची, जीव राहिला ना, मग आवाजाचं काय घेऊन बसलात. तिने पुन्हा गावं, देवळात नाही तर नाही, घरात तरी गावं, एवढंच मला हवं होतं. त्यापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

माझा विचार साधा होता. मंडळातल्या इतर बायकांना खालची पट्टी झेपत नाही, म्हणून पेटी काही हिच्यासाठी खाली येणार नाही. गिटारच्या तारा मात्र हव्या तेवढ्या ढिल्या करता येतात. तिचा आवाज आता जिथे आहे तिथे मी जाऊन बसलो, तर कदाचित ती येईल. साठ वॅटच्या खोक्यावर करून बघितलं. आवाज कमी ठेवला तर ढिल्या तारा डासासारख्या कुणकुणायच्या, जरा वाढवला तर भांड्यांची मांडणी वाजायची. आतून हिचा आवाज आला, “कोंबड्या बिथरल्या. आज अंडी नाय भेटनार.” अशा धबडग्यात ज्याचा गळा आधीच नाजूक झालाय, ते माणूस काय गाणार? व्हॉल्व्हचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मी ऑर्केस्ट्राच्या दिवसांत एकदाच ऐकला होता. त्याचं मोठेपण असं की तो पूर्ण ताकदीने वाजला तरी खोलीत एक माणूस मोकळ्या गळ्याने गाईल, साधारण तेवढाच वाजतो. आणि खालचे सूर त्यात भरून येतात. तेव्हापासून तो डोक्यात बसला होता.

मग पडवी अडली. जोडणीचा नकाशा इंटरनेटवरून उतरवून घेतला, व्हॉल्व्ह मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले, बारीकसारीक भाग कुरिअरने मागवले. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, त्यामुळे प्रत्येक पुडक्यामागे शहापूरची एक फेरी. स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून घेतला. नव्या दरवाजाच्या चौकटीतून उरलेली सागाची फळी होती, तिचा खोका केला. व्हॉल्व्हच्या कामात तीनशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात, म्हणून तपासताना एक हात खिशात ठेवायचा, असा नियम आहे. दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला तर तो छातीतून जातो. मी डावा हात खिशात घालून ऐटीत उभा असलेला बघून हिने विचारलं, “फोटो काढायचाय का?”

एकच वस्तू तयार मिळेना, ती म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर. घरातल्या विजेचे या व्हॉल्व्हना हवे तसे निरनिराळे व्होल्ट करून देणारा तो. मग मी शहापुरातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. तो पाण्याचे जळलेले पंप आणि स्टॅबिलायझर पुन्हा गुंडाळून देतो. दुकानात पंपांची रांग, प्रत्येकावर खडूने गावाचं नाव, आणि सगळीकडे वॉर्निशचा वास. मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून नेलं होतं: आत दोनशे तीस, बाहेर इतके, इतके आणि तिसरीकडे सहा पॉइंट तीन. त्याने कागद वाचला, कशाला पाहिजे ते विचारलं, गिटार म्हटल्यावर “बरं” म्हणाला. मग म्हणाला, “गाव कंचा?” मी गाव सांगितलं. “म्हंजे शेणव्याच्या पुढं,” म्हणून त्याने मान डोलावली आणि लोखंडावर खडूने गावाचं नाव लिहिलं.

महिन्याभराने ट्रान्सफॉर्मर हातात आला. वाइंडिंग इतकं सफाईदार की मी ते हिला दाखवायला नेलं. तिने दोऱ्याच्या रिळाकडे बघावं तसं बघितलं आणि परत दिलं.

जोडणी पुरी झाली त्या दुपारी मी आधी नेहमीसारखा शंभर वॅटचा एक बल्ब मध्ये जोडून वीज दिली. काही चुकलं असेल तर बल्ब भडकतो आणि माल वाचतो, ही आमची खात्यातली जुनी खबरदारी. बल्ब मंद राहिला. व्हॉल्व्ह तांबूस झाले, स्पीकरमधून बारीक घरघर आली, तारेला बोट लावलं तर गोड आवाज निघाला. मी खूश झालो, बल्ब काढला आणि थेट वीज दिली. अर्ध्या मिनिटात मोठ्या व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा लाल दिसायला लागला. तो कधीच लाल व्हायचा नसतो. मी झडप घालून प्लग ओढला.

पुढचे काही दिवस माझं डोकं सटकलेलं होतं. सोल्डरचे सगळे टाके तपासले, रेझिस्टरवरच्या रंगपट्ट्या वाचून वाचून डोळे दुखले, नकाशा उलटासुलटा करून बघितला. चूक सापडेना. व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेत सव्वासहाच्या आसपास व्होल्ट हवे होते, तिथे मीटर साडेआठ दाखवत होता. जेवताना मी कोणावर तरी ओरडायचं म्हणून मांजरावर ओरडलो. ही म्हणाली, “तो बिचारा कुठं सोल्डर करायला आला?”

उलगडा संध्याकाळी झाला. आमच्याकडे भात निघाला की भेंडी लावतात, आणि दिवस कलला की सगळीकडचे पंप एकदम सुरू होतात. त्यात घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही. पंखा इतका हळू फिरतो की त्याची पाती मोजून घ्यावीत. गेली कित्येक वर्षं असंच आहे, म्हणून कोणी त्याच्याकडे बघतही नाही. त्या दिवशी मी चिडून पुन्हा एकदा प्लग घातला, मीटर लावला, तर सहा पॉइंट तीन. तंतोतंत. पत्रा काळाच्या काळा. भिंतीतल्या विजेला मीटर लावला, तर दोनशे तीसच्या जागी एकशे पंचाहत्तर.

सकाळी मी शहापूर गाठलं. रिवाइंडिंगवाल्यासमोर कागद ठेवला आणि जरा चढ्याच आवाजात विचारलं की इथे काय लिहिलंय.

“दोनशे तीस,” तो म्हणाला.

“मग?”

“अवो, तुमच्या बाजूला दोनशे तीस कुठं येतात? सांजचे पावनेदोनशे आले तर नारळ फोडायचा. त्या लायनीचा सगळा माल मी पावनेदोनशेवरच बांधतो. पंप, स्टबलायझर, समदा. तुमाला दोनशे तीसचा दिला असता तर तुमचा तो बाजा सांजचा मुका बसला असता, आनि तुमी मलाच शिव्या दिल्या असत्या.”

त्याने माझी काळजीच केली होती, फक्त दुपार त्याच्या हिशेबात नव्हती. भरदुपारी आमच्याकडे विजेला कोणी विचारत नाही, म्हणून तेव्हा ती पुरती येते. पण दुपारी पंप चालत नाहीत, म्हणून दुपारची तक्रार घेऊन त्याच्याकडे कोणी कधी आलंच नव्हतं. “पुन्यांदा बांधून देतो,” तो म्हणाला, “पन पावसाळ्याच्या तोंडाला. आता पंपांचा हंगाम हाय.” मी चिडून आलो होतो आणि चहा पिऊन, हसत बाहेर पडलो. कोणी म्हणेल, व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र मिळतं, ते आणायचं. आणलंही असतं. पण तोवर संध्याकाळची सवय लागली.

झालं असं की दिवसभर अ‍ॅम्प्लिफायरचा डबा बंद. ऊन उतरलं, पंप सुरू झाले, पंखा मंदावला की मी भिंतीवर टांगलेला मीटर बघायचो आणि काटा खाली आला की पडवीत वाजवायला बसायचो. नेमकी तीच हिची भाकरीची वेळ. मी दारात, ती आत, मधला दरवाजा उघडा. मी तारा चांगल्या तीन-चार पट्ट्या खाली उतरवून ठेवल्या होत्या आणि तिला येतात तेच अभंग वाजवत होतो, सावकाश. डब्यातून आवाज भरून यायचा, पण दाराच्या उंबऱ्याशी थांबायचा. एखादा पंप सुरू झाला की तो क्षणभर दबायचा आणि पुन्हा वर यायचा.

पहिले काही दिवस आतून फक्त सूचना आल्या. “लय घाई करता.” “तितं वळायचा असतो, तुमी सरळच जाता.” मग एक दिवस भाकरी थापण्याच्या आवाजाबरोबर खाली, अगदी खाली, काहीतरी गुणगुणणं ऐकू आलं. मी मान वळवून बघितलं आणि ते थांबलं. त्यावरून मी एक शिकलो, की स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचं. पाठ केली की गुणगुणणं यायचं. हळूहळू त्याला शब्द फुटले. मी तारा आणखी अर्धी पट्टी उतरवल्या, तिला सांगितलं नाही. तिला कळलं असणार, पण तीही बोलली नाही.

मग एका संध्याकाळी ती हात पुसत दारात आली. “भाकरी थापू का गाऊ? दोन्हीला दम नाय पुरत.”

मी म्हणालो, “भाकऱ्या मी करतो.”

तांदळाची भाकरी ज्यांनी केली नाही त्यांनी मला हसू नये. पाणी उकळायचं, त्यात पीठ टाकून वाफ आणायची, ती उकड हाताला चटके बसत असतानाच मळायची आणि मग पाण्याचा हात लावून थापायची. सिग्नलच्या वायरिंगमध्ये चुकलं तर निदान कळतं तरी कुठे चुकलं. माझ्या पहिल्या भाकऱ्या कडांनी फाटल्या, दुसऱ्या तव्याला चिकटल्या, तिसऱ्या खाऊन ही म्हणाली, “चवीला बरी हाय. खाताना तिच्याकडं बघायचा नाय.” पण दुपार मोकळीच होती, दुपारी डबा लावताच येत नव्हता. तेव्हा दुपारी भाकऱ्या आणि संध्याकाळी गाणं, असं घराचं वेळापत्रक बसलं. ती आता उंबऱ्यावर येऊन बसायला लागली होती, माझ्या पाठीमागे. मी फार सुखात होतो, खोटं कशाला बोलू.

आणि मग समोरच्या वहिनी आल्या. स्वभावाने चांगली बाई, मंडळात हिच्याच शेजारी बसणारी. विरजण मागायला आली आणि सहज म्हणाली, “काल सांजचा तुमच्यात कोन गात होता गो? बाप्याचा आवाज वाटला. चांगला गात होता.”

मी पडवीतच होतो. ही हसली. “पाहुना आलेला,” म्हणाली. विरजण दिलं, दारापर्यंत सोडायलाही गेली.

त्या संध्याकाळी पंखा मंदावला, मी डबा लावला, तर ती उंबऱ्यावर आली नाही. आत भांडी घासत बसली, जी सकाळीच घासून झाली होती. मी हाक मारली. ती म्हणाली, “पाहुना गेला.”

माझं डोकं असं तापलं की मी चप्पल घालून समोर जाऊन त्या वहिनींना चार शब्द सुनावणार होतो. हिने हात धरला. “त्यांनी काय चुकीचा सांगितला? हायच तो बाप्यासारखा. त्या चांगलाच बोलल्या ना.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ते असतं तर मला बरं वाटलं असतं. मी चप्पल काढून परत बसलो. एवढे दिवस लागून जे उभं राहिलं होतं ते विरजणाच्या वाटीबरोबर गेलं, असं मला वाटलं.

समजूत घालणं मला येत नाही. घालायला गेलो की भांडण होतं. म्हणून मी वेगळंच केलं. अभंगात म्होरकीची ओळ असते आणि मग सगळ्यांनी धरायची झील. मी रोज संध्याकाळी बसायचो, सूर लावायचो, आणि म्होरकीच्या ओळीला वाजवायचोच नाही. तेवढी जागा मोकळी सोडायची, मनात मात्रा मोजायच्या आणि फक्त झील वाजवायची. ऐकणाऱ्याला वाटावं, हा मध्येमध्ये झोपतो की काय. आतून काही यायचं नाही. मिक्सर फिरायचा, नळ वाहायचा, पुन्हा माझी झील. मी मान वळवली नाही, हाक मारली नाही. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणं किती जड जातं, ते मलाच माहीत.

किती संध्याकाळी गेल्या ते मोजलं नाही. एका संध्याकाळी मी जागा सोडली, आणि ती जागा भरली गेली. मागून ओळ आली, जाड, खरखरीत, पूर्ण. मी झील वाजवली. पुन्हा जागा सोडली, पुन्हा ओळ आली. माझी बोटं चुकली. “लक्ष कुठाय?” मागून आवाज आला. पाहुणा आला का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आयुष्यात एकदा तरी मी जीभ आवरली.

त्यानंतर ती थांबली नाही. रोज गायची, तरी आवाज अजून जपून. उंबऱ्याच्या आत बसूनच गायची, बाहेर ऐकू जाणार नाही एवढंच. कोणी अंगणात आलं की बंद. डबा चार वॅटचा होता आणि ती त्याच्याही खालीच राहायची, त्याच्या आडोशाला. मला तेवढंही पुष्कळ होतं.

उन्हाळा सरता सरता गावात नवी डीपी आली. विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपीच म्हणतात. कित्येक वर्षांची मागणी होती. क्रेनचा टेम्पो आला, लाइनमन खांबावर चढले, सगळं गाव खाली उभं राहून सूचना देत होतं. चालू झाल्यावर नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मीही पेढा खाल्ला, लाइनमनचा हात हातात घेऊन आभार मानले. सिग्नल खात्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यात एवढी गोष्ट यायला हवी होती, पण आली नाही.

त्याला कारणही झालं. संध्याकाळी मी पेढ्याचा हात धुऊन येतो तो ही आधीच बसलेली, आणि उंबऱ्याच्या आत नाही, बाहेर पडवीत, माझ्या स्टुलाशेजारी. “चला, टाइम झाला,” म्हणाली. एवढ्या दिवसांत तिने मला आपणहून बोलावलं नव्हतं. मी इतका हरखलो की मीटरकडे बघायचं राहूनच गेलं. डबा लावला, तारा जुळवल्या. वर पंखा भरधाव फिरत होता, तेही दिसलं नाही.

अभंग तोच निघाला, देवळात मध्येच तुटलेला. तो मी निवडला नव्हता, तिने उचलला. तिने डोळे मिटले होते. पहिलं कडवं झालं. आवाज रोजच्यापेक्षा मोठा वाटला, पण मला वाटलं ती जवळ बसली आहे म्हणून असेल. दुसऱ्या कडव्यात वॉर्निशचा वास आला. वाकून बघितलं तर पत्रा लालभडक. मी एका हाताने गिटार धरून दुसऱ्याने प्लग ओढला. डबा टक्कन बंद झाला.

आता ती थांबणार, असं मला वाटलं. ती ओळ पुढे वर चढणारी होती, तिथेच देवळात आवाज तुटला होता. ती थांबली नाही. तिने ओळ उचलली, तिच्या नव्या, खालच्या पट्टीत, आणि जिथे न्यायची तिथे नेऊन ठेवली. रस्त्याने जाणारं कोणीतरी थबकलं, तिला ते कळलं असेल-नसेल. मी तसाच वाजवत राहिलो. झील धरत राहिलो, जागा सोडत राहिलो, शेवटपर्यंत.

संपल्यावर तिने डोळे उघडले आणि डब्याकडे बघितलं. “ह्याच्यातला लाल दिवा कुठं गेला?”

“व्होल्टेज वाढलं. मी मघाशीच बंद केला.”

“मंग एवढा वेळ तुमी काय करत होता?”

“वाजवत होतो.”

तिने जरा विचार केला. “मला तर काय ऐकू नाय आला,” ती म्हणाली.

तारांवर माझी बोटं अजून होती. मलाही काही ऐकू आलं नव्हतं.